पुण्यात भाड्यासाठी पहिलं घर घेताना: हिशेब, कागद, पाणी आणि पाहुणे

पुण्यात भाड्याने देण्यासाठी फ्लॅट घेणाऱ्यांचा पहिला समज असा असतो की भाड्यातून हप्ता निघेल. निघत नाही. आज पुण्यात कर्ज काढून घेतलेल्या साध्या टू बीएचकेचं भाडं हप्त्याच्या निम्म्याच्याही आत असतं. उरलेली रक्कम दर महिन्याला कुणीतरी पगारातून भरत असतं. म्हणून घर बघायला जाण्याआधी हा फरक किती आहे आणि तो किती वर्षं सोसता येईल, हे कागदावर मांडा. दोन-तीन रात्रींच्या पाहुण्यांना देण्याचा विचार असेल तर हिशेब वेगळा आहे, आणि तो आणखी कडक आहे. दोन्ही इथे मांडले आहेत.

आधी आकडे

महापालिकेच्या हद्दीतला, आठ-दहा वर्षं जुना, ७५ लाखांचा टू बीएचके उदाहरणाला घेऊ. पुण्यात मुद्रांक शुल्क, स्थानिक संस्था कर आणि मेट्रो अधिभार मिळून ७ टक्के लागतात, म्हणजे ५,२५,००० रुपये. घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर १ टक्का सवलत आहे, म्हणजे इथे ७५,००० वाचतात. शुल्क करारातल्या किमतीवर किंवा रेडी रेकनरच्या (सरकारने त्या भागासाठी ठरवलेल्या) किमतीवर, जी जास्त असेल तिच्यावर बसतं. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३०,००० रुपये. एजंट १ टक्क्याने ७५,०००, वकील आणि सर्च रिपोर्टचे २०,०००, सोसायटीचं हस्तांतर शुल्क २५,००० (गृहनिर्माण संस्थेला महापालिका हद्दीत यापेक्षा जास्त घेता येत नाही, मागितलं तर तसं लेखी विचारा). किचन ट्रॉली, पंखे, गीझर, रंग, जाळ्या यांना २ लाख धरले, तर ७५ लाखांचं घर ८३,७५,००० रुपयांना पडतं.

बँक यातल्या फक्त घराच्या किमतीवर कर्ज देते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० ते ७५ लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ८० टक्के ही मर्यादा आहे आणि मुद्रांक शुल्क त्या किमतीत धरलं जात नाही. इथे कर्ज ६० लाख, म्हणजे पदरचे २३,७५,००० हवेत. 'वीस टक्के भरले की झालं' या हिशेबाने निघालेल्याला शेवटच्या महिन्यात पावणेनऊ लाख कमी पडतात, आणि मग ते वैयक्तिक कर्जातून उभे केले जातात. तिथून पुढचं सगळं गणित बिघडतं.

आता आवक. भाडं २४,००० धरलं तर वर्षाचे २,८८,०००. त्यातून एक महिना घर रिकामं राहील असे २४,०००, एजंटचे सरासरी १२,०००, सोसायटीचा मेंटेनन्स ३६,०००, मिळकतकर १४,०००, दुरुस्ती-रंगाचे २०,००० काढा. हातात राहतात १,८२,०००, म्हणजे महिन्याला साधारण १५,१००. घातलेल्या पैशावर हा परतावा सव्वादोन टक्केही नाही. ६० लाखांच्या कर्जाचा साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता सुमारे ५२,००० येतो. तेव्हा दर महिन्याला ३७,००० तुमच्या पगारातून जाणार. हा आकडा सोसत असेल तर पुढे वाचा. सोसत नसेल तर छोटं घर घ्या, जास्त रक्कम रोख भरा, किंवा दोन वर्षं थांबा. त्यात कमीपणा काही नाही.

मिळकतकराच्या बाबतीत पुण्यात एक खास खाच आहे. पुणे महापालिका स्वतः घरात राहणाऱ्या मालकाला ४० टक्के सवलत देते. विकणारा तुम्हाला जे बिल दाखवतो ते बहुधा सवलतीचं असतं. घर भाड्याने दिलं की ती सवलत राहत नाही आणि बिल वाढतं. हिशेबात वाढलेला आकडाच धरा.

जागा निवडताना भाडेकरूच्या पायांनी चाला

गुंतवणुकीचं घर तुम्हाला आवडायची गरज नाही. ते हिंजवडीत कामाला जाणाऱ्या, खराडीत शिफ्ट करणाऱ्या, विमाननगरात शिकणाऱ्या माणसाला सोयीचं पडलं पाहिजे. सोमवारी सकाळी नऊला त्या सोसायटीच्या गेटपासून आयटी पार्कपर्यंत स्वतः दुचाकीवरून जा. नकाशावरचे सात किलोमीटर वाकड-हिंजवडीच्या बाजूला सकाळी किती लांबतात ते तिथेच कळतं. पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट आणि वनाझ ते रामवाडी या दोन मेट्रो मार्गांच्या स्थानकापासून चालत दहा मिनिटांवर असलेल्या घराला भाडेकरू लवकर मिळतो. 'मेट्रो येणार आहे' म्हणून आज जादा किंमत देऊ नका. धावणारी गाडी आणि जाहिरातीतली गाडी यांच्या भावात फरक असायला हवा.

भाडं ठरवताना जाहिरातीतले आकडे धरू नका. त्याच सोसायटीच्या गेटवरच्या सुरक्षारक्षकाला आणि दोन वेगवेगळ्या एजंटांना विचारा: शेवटचं घर कितीला गेलं, किती दिवस रिकामं होतं. एका सोसायटीत एका वेळी आठ फ्लॅट रिकामे असतील तर भाडं तुम्ही ठरवणार नाही, भाडेकरू ठरवेल. नव्या, मोठ्या प्रकल्पात ताबा एकदम मिळतो तेव्हा हेच होतं: दोनशे मालक एकाच महिन्यात भाडेकरू शोधायला निघतात.

पाणी

याला वेगळा मथळा दिला आहे, कारण पुण्यात घराचं भाडं टिकतं की नाही हे बऱ्याचदा पाण्यावर ठरतं. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली, पण हद्द वाढली म्हणून नळ येतोच असं नाही. बऱ्याच सोसायट्या अजून टँकरवर आहेत. चार प्रश्न विचारा आणि उत्तरं सोसायटीच्या कार्यालयात कागदावर बघा: महापालिकेचं कनेक्शन किती इंचाचं आहे, पाणी रोज येतं की दिवसाआड, बोअरला मे महिन्यात पाणी असतं का, आणि गेल्या एप्रिल-मेमध्ये टँकरवर किती खर्च झाला. शेवटचा आकडा ताळेबंदात असतो. तो सभासदांच्या संख्येने भागा, म्हणजे उन्हाळ्यात मेंटेनन्सवर किती जादा बसेल ते निघतं.

पाण्याची दुसरी बाजू पुराची. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत मुठेचं पाणी घरांत शिरलं होतं. नदी किंवा ओढ्याजवळचं घर असेल तर विकास आराखड्यावर निळी आणि लाल पूररेषा बघा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. टेकडीच्या बाजूला, बावधन, धायरी, आंबेगाव इकडे, जैवविविधता उद्यानाचं आरक्षण आणि टेकडी-उतार क्षेत्र तपासा. यासाठी महापालिकेकडून झोन दाखला मिळतो. विकणाऱ्याच्या शब्दावर राहू नका.

कागद

जुन्या घरासाठी ही फाइल हवी: सगळ्या आधीच्या खरेद्यांचे नोंदणीकृत करार आणि प्रत्येकाची सूची दोन (इंडेक्स टू, नोंदणी कार्यालयाचा कराराचा उतारा), सोसायटीचा भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट), देणं बाकी नसल्याचा ना-देय दाखला, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला), मिळकतकर आणि विजेचं ताजं बिल, कर्ज असेल तर बँकेचं पत्र. साखळीतला मधला एखादा करार हरवला असेल तर नोंदणी कार्यालयातून प्रमाणित नक्कल निघते. ती विकणाऱ्याने काढून द्यायची. जमिनीचा ३० वर्षांचा शोध वकिलाकडून घ्या. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' लिहिलं असेल तर त्या जमिनीच्या हस्तांतराला शासनाची परवानगी लागते, तेव्हा तिथेच थांबून वकिलाला विचारा.

सूची दोन नीट वाचायला शिका. जाहिरातीत '१०५० स्क्वेअर फूट' असतं आणि सूची दोनवर ६२ चौरस मीटर. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट, तेव्हा हे घर ६६७ फुटांचं आहे. उरलेलं जिने, लिफ्ट आणि भिंती धरून फुगवलेलं. दोन घरांच्या भावाची तुलना नेहमी कार्पेटवर (घराच्या आतल्या वापराच्या क्षेत्रफळावर) करा, नाहीतर महाग घर स्वस्त वाटतं.

भोगवटा प्रमाणपत्र नसलेलं घर थोडं स्वस्त मिळतं आणि नवा गुंतवणूकदार तिथेच फसतो. असं घर पुन्हा विकताना बहुतेक बँका कर्ज द्यायला तयार होत नाहीत, म्हणजे तुमचा गिऱ्हाईक फक्त रोखीवाला उरतो. गावांत एक-एक गुंठ्याचे तुकडे (१,०८९ चौरस फूट) नोटरीच्या कागदावर विकले जातात, त्याहून लांब राहा. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे, आणि त्या कागदाने मालकी येत नाही.

बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात महारेराच्या (गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकून तीन गोष्टी बघा: प्रकल्प पूर्ण होण्याची जाहीर केलेली तारीख, ती किती वेळा वाढवून घेतली, आणि चालू खटले. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. 'आत्ता २० टक्के भरा, करार पुढच्या महिन्यात' असं कुणी म्हणालं तर तो कायदा मोडतो आहे. या घरावर ५ टक्के जीएसटी लागतो. ४५ लाखांपर्यंतच्या आणि पुण्यात ९० चौरस मीटर कार्पेटपर्यंतच्या घराला १ टक्का. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर विकलेल्या घराला जीएसटी नाही. ताब्यानंतर पाच वर्षं बांधकामातले दोष बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचे असतात. ओल दिसली की लगेच ईमेलने कळवा, तोंडी नको.

५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीच्या घरात १ टक्का टीडीएस कापून सरकारला भरण्याची जबाबदारी घेणाऱ्याची असते. विकणारा परदेशात राहत असेल तर नियम वेगळा आणि कपात खूप मोठी, तिथे सीए आधी, टोकन नंतर.

घर बघायला गेल्यावर

शक्यतो जुलै-ऑगस्टमध्ये बघा. पुण्याचा पाऊस चार गोष्टी उघड करतो ज्या मार्चमध्ये ताज्या रंगाखाली झाकलेल्या असतात. बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीवर, जमिनीपासून गुडघ्याइतक्या उंचीत, हात फिरवा. रंग फुगून पापुद्रे सुटत असतील, पांढरी पूड बोटाला लागत असेल, तर आतली पाइप किंवा फरशीचे सांधे गळताहेत. मग एक मजला खाली जा आणि त्या शेजाऱ्यांना विनंती करून त्यांच्या बाथरूमचं छत बघा. तिथे पिवळट वर्तुळ दिसलं तर घर घेतल्याच्या पहिल्याच महिन्यात त्यांची तक्रार तुमच्याकडे येणार. वरच्या मजल्याचं घर असेल तर गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीखालची आणि पन्हाळीजवळची वॉटरप्रूफिंग बघा.

पुढे: सगळे नळ एकदम सोडून धार किती पडते ते बघा. ड्राय बाल्कनीच्या जाळीत बादलीभर पाणी ओता, ते अर्ध्या मिनिटात उतरलं पाहिजे. फरशीवर नाण्याने ठोका, पोकळ आवाज आला तर ती लवकरच सुटणार. विजेच्या मीटरवरचा क्रमांक बिलाशी ताडा. पार्किंग विकणाऱ्याच्या तोंडी आहे की करारात लिहिलेलं, हेही त्याच भेटीत बघा. पुण्यात चारचाकीची जागा नसलेल्या टू बीएचकेला कुटुंब मिळायला वेळ लागतो.

भाडेकरू आणि करार

'अकरा महिन्यांचा करार असेल तर नोंदणी लागत नाही' हे महाराष्ट्रात चुकीचं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नोंदणी ऑनलाइन, आधार आणि अंगठ्याच्या ठशावर होते. खर्चही फार नाही: एकूण भाडं आणि अनामत रकमेवरचं १० टक्के व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के. आपल्या उदाहरणात ११ महिन्यांचं भाडं २,६४,०००, ७२,००० अनामतीवरचं व्याज ७,२०० धरलं तर मुद्रांक शुल्क सातशे रुपयांच्या आसपास येतं. शिवाय नोंदणी फी १,०००.

या हजार-दोन हजारांचा खरा उपयोग मुदत संपल्यावर कळतो. नोंदणीकृत करार असेल आणि भाडेकरू उठत नसेल तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट रक्कम मागता येते. करार नसेल तर दिवाणी दाव्याची वाट धरावी लागते.

भाडेकरूची माहिती पुणे पोलिसांकडे ऑनलाइन नोंदवा आणि पोच जपून ठेवा. सोसायटीला लेखी कळवा. आदर्श उपविधींप्रमाणे आठ दिवस आधी कळवणं पुरेसं आहे, परवानगी मागावी लागत नाही. बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. बिलात मेंटेनन्सच्या दीडपट आकारणी दिसली तर १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाचा उल्लेख करून पत्र द्या.

करारात हे स्पष्ट लिहा: कोण-कोण राहणार यांची नावं, विजेचं आणि गॅसचं बिल कोणाचं, किती रुपयांपर्यंतची दुरुस्ती भाडेकरूची, रंगाचे पैसे अनामतीतून किती कापणार. ताबा देताना प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा आणि दोघांच्या व्हॉट्सॲपवर ठेवा. सोडताना होणारी निम्मी भांडणं ओट्याच्या फुटलेल्या कडेवरून आणि गीझरवरून होतात, आणि ती याने मिटतात. कॉलेजं उघडायच्या सुमारास, जून-जुलैमध्ये, मागणी चढते. तेव्हा करार अशा बेताने करा की तो मे अखेरीस संपेल. दिवाळीत रिकामं झालेलं घर जानेवारीपर्यंत तसंच पडून राहू शकतं.

रात्रीवर द्यायचं ठरवलं तर

तेच घर पाहुण्यांना २,८०० रुपये रात्रीने दिलं असं धरू, सरासरी मुक्काम दोन रात्रींचा. महिन्यात १४ रात्री गेल्या तर ३९,२०० येतात. प्लॅटफॉर्मचं कमिशन १५ टक्के धरलं तर ५,८८०. सात वेळा सफाई, प्रत्येकी ६००, म्हणजे ४,२००. धुलाई, साबण, चहा-साखर २,१००. वीज ३,५००, इंटरनेट ८००, मेंटेनन्स ३,०००, चावी देणारा आणि रात्री फोन उचलणारा माणूस ५,०००, मोडतोड २,०००, मिळकतकर १,२००. एकूण खर्च २७,६८०. उरले ११,५२०, साध्या भाड्यापेक्षाही कमी. २० रात्री गेल्या तर याच दराने साधारण २२,००० उरतात. पण फर्निचर, एसी, टीव्ही, गाद्या यांना घातलेले चार लाख पाच वर्षांत वसूल करायचे तर महिन्याचे साडेसहा हजार त्यातून जातात. म्हणजे महिन्यातल्या वीस रात्री भरल्या तेव्हा कुठे तुम्ही साध्या भाडेकरूच्या बरोबरीला येता. मेहनतीचे पैसे त्यानंतर.

वीस रात्री सगळीकडे भरत नाहीत. पुण्यात पाहुणा कारणाने येतो: मोठ्या रुग्णालयात पेशंटजवळ थांबायला, मुलाच्या प्रवेशाला, पदवीदानाला, लग्नाला, गणपतीत, डिसेंबरात सवाई गंधर्वला, खडकवासल्याला एनडीएच्या दीक्षान्त संचलनाला. कोरेगाव पार्क, विमाननगर, कल्याणीनगर, डेक्कन, एरंडवणे इथे ही कारणं वर्षभर असतात. उंड्री किंवा पुनावळ्यात शनिवार-रविवार सोडून कोण येणार, याचं उत्तर आधी शोधा.

त्याआधी सोसायटी. सर्वसाधारण सभेत अल्पमुक्कामाविरुद्ध ठराव झाला आहे का ते इतिवृत्तात वाचा. सचिवांना सरळ विचारा आणि उत्तर लेखी घ्या. लपवून चालवलेला फ्लॅट गेटवरच्या ॲपमधूनच दोन आठवड्यांत उघडा पडतो. शनिवारी रात्री अकराला पाहुण्याला गेटवर अडवलं की परतावा तुम्ही देता आणि वाईट अभिप्राय कायमचा राहतो. शेजाऱ्यांची बाजूही समजून घ्या. लिफ्टमध्ये दर दोन दिवसांनी अनोळखी माणूस दिसणं कुणालाही नको असतं.

परवानगी असेल तर काम असं लावा. प्रत्येक पलंगाला चादरी-अभ्र्यांचे तीन जोड: एक पलंगावर, एक धुलाईत, एक कपाटात. पावसाळ्यात चौथा, कारण कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत आणि दमट चादरीचा वास पाहुणा आत पाऊल टाकताच ओळखतो. इन्व्हर्टर आणि पाण्याचा प्युरिफायर हवाच. एका पाहुण्याने सकाळी अकराला सोडायचं आणि पुढच्याने दोनला यायचं, या तीन तासांत सफाई बसली पाहिजे. सफाईवाल्या मावशींना सुट्टी असेल तेव्हा येणारी दुसरी व्यक्ती आधीच ठरवून ठेवा.

प्रत्येक प्रौढ पाहुण्याचं ओळखपत्र आणि नोंदवही ठेवा. परदेशी पाहुणा असेल तर तो आल्यापासून २४ तासांत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन फॉर्मवर (आधीचा 'फॉर्म सी') कळवावी लागते. भारतीय वंशाचा पण परदेशी पासपोर्टवाला पाहुणाही यात येतो, आणि इथेच विसर पडतो. अशा मुक्कामावर जीएसटी आहे: रात्रीला ७,५०० पर्यंतच्या खोलीला २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के. तुमची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल आणि तुम्ही नोंदणी घेतली नसेल तर प्लॅटफॉर्मवरून आलेल्या बुकिंगचा कर प्लॅटफॉर्म भरतो.

आमच्या मते पुण्यात नवख्याला सगळ्यात झेपणारा मार्ग मधला आहे: सजवलेलं घर एक ते सहा महिन्यांसाठी, नोंदणीकृत करारावर. बदली होऊन आलेले इंजिनिअर, उपचारासाठी आलेली कुटुंबं, परदेशातल्या मुलांकडून सुट्टीला आलेले आजी-आजोबा हे गिऱ्हाईक इथे आहे. सोसायटीही याला सहसा हरकत घेत नाही.

कर आणि पावत्या

साध्या भाड्याच्या उत्पन्नातून भरलेला मिळकतकर वजा होतो आणि उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, प्रत्यक्ष खर्च कितीही असो. कर्जाचं व्याजही वजा होतं, पण नव्या करप्रणालीत त्यातून आलेला तोटा पगारातून वजा करता येत नाही, जुन्या प्रणालीत वर्षाला २ लाखांपर्यंत करता येतो. भाडं वर्षाला एक लाखाच्या वर असेल तर घरभाडे भत्त्यासाठी भाडेकरू तुमचा पॅन देणारच, तेव्हा हे उत्पन्न विवरणपत्रात दाखवा. रात्रीवर दिलेल्या घराचं उत्पन्न व्यवसायाचं धरलं जाऊ शकतं, त्याचं वर्षाच्या सुरुवातीलाच सीएशी बोलून ठरवा.

घर दोन वर्षांहून जास्त ठेवून विकलं तर नफ्यावर १२.५ टक्के कर लागतो, महागाईची सूट न देता. म्हणून मुद्रांक शुल्क, नोंदणी, एजंट आणि नंतर केलेली मोठी कामं यांच्या पावत्या पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये लावा. घरात भर घातलेलं काम, उदाहरणार्थ बाल्कनी बंद करून बसवलेल्या खिडक्या किंवा नवं किचन, खर्चात धरता येतं. साधा रंग धरता येत नाही. बिलावर फ्लॅटचा पत्ता आणि तुमचं नाव आहे ना, ते पैसे देतानाच बघा; दहा वर्षांनी तो ठेकेदार सापडत नाही.